जुनी मालगाडी घेताना : हौदा, अॅव्हरेज आणि घरची वही

सुगी आटोपली, चार पैसे हाती आले, की ज्या घरातून भाजीपाल्याचा माल निघतो त्या घरात एक विषय हमखास निघतो. “भाड्याच्या टेम्पोत किती पैसे घालायचे? आपली स्वतःची एखादी जुनी गाडी घेतली तर?” मग कोणी पाहुणा एखाद्या दलालाचे नाव सांगतो, मुलगा मोबाइलवर गाड्यांचे फोटो दाखवू लागतो, आणि आठ दिवसांत व्यवहार होऊन गाडी दारात उभी राहते. तिला नारळ फुटतो, हार पडतो. पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी गॅरेजच्या मागे विटांवर उभी असते. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काम करताना अशा विटांवरच्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या. एक माझीही होती. तिची हकिगत पुढे सांगणार आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, मी मेकॅनिक नाही, शेतीचा पदवीधर आहे. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण गाडी हे सुद्धा शेतीचे अवजारच आहे. नांगर घेताना आपण जमीन पाहतो, बैलांची ताकद पाहतो. गाडी घेताना मात्र रंग आणि टेप पाहतो!

गेल्या वर्षी आमच्या जुन्नर तालुक्यातले एक जोडपे माझ्याकडे आले. त्यांची दोन एकर बागायत आहे. वर्षातून टोमॅटोच्या दोन लागवडी, मधल्या काळात थोडी कोथिंबीर, गोठ्यात तीन गाई. गाव नारायणगावच्या बाजारापासून चौदा किलोमीटरवर. घरधनी म्हणाले, “साहेब, मोठा पिकअप बघितलाय. साडेचार लाख सांगतोय. पन्नास हजार विसार उद्या द्यायचा. बाकीचं फायनान्स करून देतो म्हणतो.” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक शाळेची वही काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. उरलेल्या रकमेसाठी त्यांच्या हातातल्या पाटल्या गहाण पडणार होत्या, हे मला नंतर कळले.

त्या वहीत वर्षभराच्या प्रत्येक खेपेची नोंद होती. तारीख, किती क्रेट गेले, टेम्पोवाल्याला किती दिले, हमाली किती. मी त्यांना म्हटले, “वहिनी, गाडी कोणती घ्यायची ते या वहीलाच विचारू या.”

वजनी माल की फुगीर माल?

गाडीत जागा किती, हा प्रश्न आपण अर्धाच विचारतो. जागेचे दोन हिशेब असतात. एक हौद्याच्या लांबी-रुंदीचा, दुसरा गाडीला झेपणाऱ्या वजनाचा. कांदा, बटाटा, टोमॅटो, ऊस हा वजनी माल. हौदा अर्धाही भरत नाही तोच गाडीचे वजन पुरे होते. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, झेंडू हा फुगीर माल. हौदा शिगोशीग भरला तरी पाटे दबत नाहीत. ज्याच्याकडे पालेभाजी आणि फुले आहेत त्याने हौद्याची लांबी व उंच जाळी पाहावी. मोठ्या इंजिनाला पैसे देऊ नयेत. ज्याच्याकडे कांदा आहे त्याने मात्र आधी आर. सी. बुक उघडावे.

मालगाडीच्या आर. सी. बुकात दोन वजने लिहिलेली असतात, गाडीचे रिकामे वजन आणि मालासहित एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा करा आणि त्यातून ड्रायव्हर व सोबत्याचे दीडशे किलो काढा. उरेल तो तुमचा माल. विकणारा “दीड टन आरामात ओढते” असे सांगेल. ओढते हे खरे, पण ब्रेक लागेल की नाही ते तो सांगत नाही.

आता छोट्या हत्तीचेच उदाहरण घ्या. टाटा एस ही गाडी २००५ साली आली, दोन सिलिंडरचे ७०२ सी.सी. डिझेल इंजिन घेऊन, आणि तेव्हापासून गावोगाव तिला छोटा हत्ती हेच नाव पडले. तिचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाचाला थोडा कमी रुंद. मालाची क्षमता सुमारे ७५० किलो. आपल्याकडचा टोमॅटोचा क्रेट पावणेदोन फूट लांब आणि सव्वा फुटाच्या आतबाहेर रुंद. म्हणजे लांबीत चार, रुंदीत चार, असे एका थरात सोळा क्रेट बसतात. दोन थर म्हणजे बत्तीस. वीस किलो माल आणि दोन किलो क्रेट धरला तर बत्तीस क्रेटांचे ७०४ किलो झाले. इथे गाडी भरली! पण डोळ्यांना हौदा अजून रिकामा दिसतो, आणि माणूस तिसरा थर चढवतो. अठ्ठेचाळीस क्रेट म्हणजे १,०५६ किलो. जुन्या छोट्या हत्तींचे पाटे का तुटलेले असतात आणि मागचे टायर का लवकर जातात, त्याचे उत्तर या तिसऱ्या थरात आहे.

वहिनींच्या वहीत वर्षभरात टोमॅटोच्या ७४ खेपा होत्या. आम्ही तिघांनी बसून मोजल्या. बत्तीस क्रेटांपेक्षा जास्त माल गेला असे दिवस निघाले अवघे अकरा. उरलेल्या त्रेसष्ट दिवशी वीस-बावीस क्रेट, कधी पंधराच. घरधनी मोठा पिकअप बघत होते तो या अकरा दिवसांसाठी. तोडा जोरात असला की माणसाला तेच दिवस आठवतात, बाकीचे विसरतात. यात त्यांचा दोष नाही, आपल्या सर्वांचे तसेच होते.

तेलाचा हिशेब

आता अॅव्हरेजकडे वळू. विकणाऱ्याने सांगितलेले अॅव्हरेज आणि कंपनीच्या कागदावरचे अॅव्हरेज ही दोन्ही सासरच्या माणसांनी सांगितलेल्या मुलाच्या पगारासारखी असतात. थोडी कापून धरावीत. खरे अॅव्हरेज एकाच रीतीने कळते. पंपावर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा, नेहमीच्या रस्त्याने नेहमीचा माल घेऊन दोन-तीनशे किलोमीटर चालवावी, मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागावे. घेण्याआधी एवढे कोणी चालवू देत नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्याच जातीची गाडी गावात ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावे, आणि फुशारकी मारणाऱ्यापेक्षा तक्रार करणाऱ्याला विचारावे.

समजा, भरून जाताना आणि रिकामी येताना मिळून छोटी गाडी लिटरला १७ किलोमीटर देते आणि मोठा पिकअप ११ देतो. डिझेल ९० रुपये धरू. बाजाराची जाऊन-येऊन फेरी २८ किलोमीटरची. छोट्या गाडीला सुमारे १४८ रुपयांचे तेल लागेल, मोठ्या गाडीला सुमारे २२९ रुपयांचे. मात्र एखाद्या दिवशी साठ क्रेट निघाले तर छोटीला दोन फेऱ्या कराव्या लागतील. त्या दोन फेऱ्यांचे २९६ रुपये होतात, आणि तिथे मोठी गाडी स्वस्त ठरते. म्हणून “छोटी गाडी परवडते” किंवा “मोठी गाडी परवडते” असे सरसकट कोणी सांगू नये. ज्याच्याकडे रोज साठ क्रेट आहेत त्याने मोठीच घ्यावी. आमच्या या जोडप्याला वर्षात पाच हजार किलोमीटर पडत होते. तेवढ्यावर मोठ्या गाडीचे नुसते तेलच सुमारे साडेचौदा हजारांनी जास्त झाले असते.

पेट्रोल, डिझेल की सी.एन.जी., हाही वाद आहे. सी.एन.जी. स्वस्त पडतो खरा, पण तुमच्या बाजाराच्या वाटेवर पंप आहे का, आणि तिथे रांग किती, हे आधी पाहा. वीस किलोमीटर उलटे जाऊन गॅस भरणाऱ्याने बचतीची गोष्ट करू नये. सी.एन.जी.ची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. त्या तपासणीचा दाखला मागा, आणि टाकीने हौद्याची किंवा मागची किती जागा खाल्ली तेही मोजा. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ च्या गाड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी रोज नुसती शिवारातून डेअरीपर्यंत दोन किलोमीटर फिरली आणि कधी रस्त्याला लागून तापलीच नाही, तर हा फिल्टर काजळीने तुंबतो आणि खर्च काढतो. ज्यांचे चालणे अगदीच तुटक आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

आमच्या बोलण्यात मध्येच वहिनी म्हणाल्या, “साहेब, बंद व्हॅन का नको? सासूबाईंना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. पोरंपण बसतील.” प्रश्न रास्त होता. जुनी मारुती ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ साली बनायची बंद झाली. तिच्यानंतर २०१० साली ईको आली. मागची सीट काढली किंवा दुमडली की या गाड्यांत घरचा बराच माल मावतो, पावसात भिजत नाही, आणि रविवारी तीच गाडी कुटुंबाला घेऊन देवाला जाते. कोथिंबीर, दूध, अंडी, रोपवाटिकेची रोपे असा माल असणाऱ्यांना ही सोयीची.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी ही खासगी गाडी. तिच्यातून शेजाऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही, आणि असा माल असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पिवळ्या पाटीच्या मालगाडीला भाडे करता येते, आणि मालासह एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. मात्र तिचा विमा महाग. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीच्या तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता १६,०४९ रुपये, आणि हजार ते दीड हजार सी.सी.च्या खासगी गाडीचा ३,४१६ रुपये. वर कर वेगळा. हा फरक दलाल कधी सांगत नाही. पहिल्या वर्षी विमा आधीच्या मालकाने भरलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी शेतकऱ्याला घाम फुटतो.

मालगाडीला पासिंगही आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांपुढील मालगाडीला पर्यावरण कर लागतो. तेव्हा बाजारात सात-साडेसात वर्षांच्या इतक्या गाड्या एकदम का दिसतात, हे ओळखा. त्या वाईटच असतात असे नाही. पण किंमत ठरवताना आठवे वर्ष आपल्या गळ्यात येणार, हे बोलून दाखवावे आणि भाव पाडावा.

मग आम्ही पुरा हिशेब मांडला. भाड्याच्या टेम्पोला खेपेला ७०० रुपयांप्रमाणे ७४ खेपांचे ५१,८०० रुपये गेले होते. पेंड, खत, कोथिंबीर यांचे इतर भाडे २१,०००. एकूण ७२,८००. स्वतःची जुनी छोटी मालगाडी घेतली तर पाच हजार किलोमीटरचे तेल सुमारे २६,५००, विमा करासह १८,०००, टायर-दुरुस्ती १५,०००, पासिंग आणि कर ५,०००. बेरीज ६४,५००. म्हणजे बचत आठ हजारांच्या आसपास, आणि त्यात कर्जाचे व्याज धरलेलेच नाही!

घरधन्यांचा चेहरा उतरला. मीही खरे सांगायचे टाळले नाही. एवढ्या मालावर, नुसत्या स्वतःसाठी, कर्ज काढून गाडी परवडत नाही. साडेचार लाखांचा पिकअप तर मुळीच नाही. अशा घराने दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून भाडे ठरवावे, हेच उत्तम.

तेव्हा वहिनींनीच वाट काढली. त्या म्हणाल्या, “आपले वीस-बावीस क्रेट जातात. दहाची जागा रिकामी राहते. वस्तीवरच्या दोघी जावा रोज टेम्पो शोधत बसतात. क्रेटला वीस रुपये घेतले तर?” त्रेसष्ट खेपा, दहा क्रेट, वीस रुपये. १२,६०० झाले. गाडी पावणेदोन लाखांच्या आतली पाहायची, साठवलेले पैसे घालायचे आणि फक्त साठ हजार बचत गटातून शेकडा एक टक्का महिना व्याजाने उचलायचे. वर्षाचे व्याज ७,२००. आता एका बाजूला ८५,४०० आणि दुसऱ्या बाजूला ७१,७००. तेरा-चौदा हजार उरत होते, आणि पाटल्या हातातच राहत होत्या. पण यासाठी पिवळी पाटीच हवी होती. व्हॅनचा विचार तिथे मागे पडला. सासूबाईंना केबिनमध्ये पुढे बसवून नेता येईल असे ठरले. “त्यांना उंच चढावं लागेल,” वहिनी म्हणाल्या, “मी स्टूल करून घेईन.”

गाडी पाहायला जाताना

आता माझी हकिगत. मी कोकणात नोकरीला होतो तेव्हा, २००९ साली, एक जुनी व्हॅन घेतली. रंग नवा, आत नवे कापड, किंमत बेताची. मी पदवीधर माणूस, इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे मोजून मोकळा झालो. पहिल्याच पावसात भाताच्या बियाण्याचे पोते मागे टाकले आणि एका खड्ड्यात ते पोते तळ फोडून रस्त्यावर आले! खाऱ्या हवेने पत्रा पापडासारखा झाला होता आणि वर लांबी भरून रंग मारला होता. त्यात दोष गाडीचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून आमच्या सौ. कोणतीही वस्तू घेताना विचारतात, “तळ पाहिलात का?”

म्हणून सांगतो, आधी खाली वाका. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक खिशात ठेवा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, हौद्याचे कोपरे यांवर फिरवा. पत्र्याला ते चिकटते, लांबीला चिकटत नाही. हौद्यात टाकलेला रबरी पट्टा किंवा प्लायवुड उचलायला सांगा. युरिया आणि पोटॅश वाहिलेल्या गाडीचा तळ, आणि मासळी किंवा मीठ वाहिलेल्या गाडीचा तळ, हे दोन्ही आतून खाल्लेले असतात. खताची सांडलवंड ओल धरते आणि पत्रा कुरतडते. आपल्या फवारणी पंपाचे स्क्रू कसे गंजतात ते पाहिले आहेच. मग चासीच्या दोन्ही दांड्या बॅटरी लावून पाहा. मध्येच नवा काळा रंग किंवा वेल्डिंग दिसले तर परत फिरा. पाटे मोजा, एका बाजूला जास्तीचा पाटा घातला असेल तर गाडी तिसऱ्या थरावर जगलेली आहे. फाळका उघडून मिटून बघा, वाकलेल्या हौद्याचा फाळका नीट बसत नाही.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी निरोप देऊ नये. बॉनेटवर किंवा इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. गरम असेल तर चालू करून ठेवली होती. थंड इंजिन किती सेल्फ खाते ते पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर किंवा इंजेक्टर पाहावा लागेल, हे कधी थोडक्यात भागते. पांढरा धूर गाडी तापली तरी थांबत नसेल तर सावध व्हा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करा. आतून भकाभका वाफारा मारत असेल तर रिंगा गेल्या, इंजिनाचे काम जवळ आले. ऑइलची पट्टी काढून पाहा. दुधाळ दिसले तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे, असे इंजिन फुकट दिले तरी महाग. रेडिएटरचे झाकण मात्र थंड असतानाच उघडा, नाहीतर तोंड भाजेल.

किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पायदानाचे रबर आणि स्टिअरिंगची झिलई मात्र खोटे बोलत नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगतात आणि पायदानाचे लोखंड दिसते, तर समजून घ्या. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे टायर उन्हाने तडकलेले असतात, त्यांची किंमत सौद्यातून वजा करावी.

आणि रिकामी गाडी चालवून निर्णय करू नका. आम्ही त्या जोडप्यासोबत गेलो तेव्हा दहा पोती पेंड हौद्यात टाकूनच गाडी चढावर नेली. विकणारा नाराज झाला, पण चढावर दुसऱ्या गिअरला क्लच घसरत होता हे तिथेच कळले. ती गाडी सोडली. तिसरी पाहिलेली गाडी पटली. आपल्या ओळखीचा मेकॅनिक पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागद हातात, मगच पैसे

दूध वाहणाऱ्या एका तरुणाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन गाडी घेतली. नाव बदलायचे “करू सावकाश” म्हणून राहिले. आधीच्या मालकाने त्या गाडीवर घेतलेले कर्ज फेडलेलेच नव्हते. एके पहाटे कॅन भरलेली गाडी कर्ज देणाऱ्यांची माणसे घेऊन गेली. दूध ओतून द्यावे लागले. पैसेही गेले आणि रतीबही. आर. सी. बुकावर कर्ज देणाऱ्याचा बोजा स्पष्ट लिहिलेला होता. त्याने ते पान वाचलेच नव्हते.

तेव्हा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म आधी मागावा. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात, आणि दुसऱ्या आर. टी. ओ.च्या हद्दीतली गाडी असेल तर २८ नंबरचे ना-हरकत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो गृहीत धरू नये. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेले असतात, ते आर. सी. बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावेत. मोबाइलवरच्या एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की पासिंग, विमा यांची मुदत समजते. थकलेले दंडही तपासून घ्यावेत, ते पुढे आपल्याला अडवतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहावे.

हे विकणाऱ्यालाही लागू आहे. गाडी विकली पण कागदावर नाव आपलेच राहिले, तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाच्या अंगावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

लायसनबद्दल बरेच जण विचारतात. हलक्या मोटार वाहनाचे साधे लायसन असेल तर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा सांगितले.

एक गोष्ट घरातल्या बायकांनी मनावर घ्यावी, कारण पुरुष ती मनावर घेत नाहीत. तोड्याच्या दिवशी मजूर बायकांना क्रेटांवर बसवून नेतात, लग्नसराईत वऱ्हाड हौद्यात उभे करतात. मालगाडीच्या हौद्यातल्या माणसाला विम्याचे संरक्षण धरू नका. वळणावर हौदा कलंडला की काय होते ते आपण दर वर्षी वर्तमानपत्रात वाचतो. मजुरांसाठी रिक्षा करावी. तिचे भाडे वहीत लिहावे.

त्या जोडप्याची गाडी श्रावणात आली. पावणेदोन लाखांना सहा हजार कमी पडले. पहिल्या महिन्यात सेल्फ बदलावा लागला, दिवाळीपूर्वी एक पाटा तुटला. मी विचारले, “तिसरा थर?” घरधनी हसले आणि मान खाली घातली. भाव चढला होता, त्रेचाळीस क्रेट निघाले होते, दुसऱ्या फेरीचा कंटाळा केला होता. वहिनींनी वहीत त्या दिवसाच्या पुढे लाल शाईने लिहिले आहे : पाटा व मजुरी, २,२०० रुपये. शेजारच्या रकान्यात दुसऱ्या फेरीचे वाचलेले तेल : १४८ रुपये.